घांटी, पाकी, खापरी, चिंकी: मुलखाचं नाव शिवी कसं होतं? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे सगळे प्रश्न गेल्या काही वर्षांत मला कोणी ना कोणी विचारलेत. काही गोव्यातल्या म्हापशाच्या बाजारात, काही लग्नाच्या पंगतीत, एकदोन तर माझ्याच घरी जेवताना. मी म्हापशात वाढलो, घरात मराठी, दाराबाहेर कोंकणी, आणि बाबा चंदगडचे, म्हणजे घाट उतरून आलेले, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी पुस्तकातला नाही. खाली वाईट शब्द जसेच्या तसे लिहिलेत, कारण आडून आडून बोललं की कशाबद्दल बोलतोय तेच कळत नाही.

घांटी म्हणजे घाटावरचा माणूस. त्यात एवढं लागण्यासारखं काय आहे?

अर्थ बघितला तर काहीच नाही. चोर्ला, अनमोड, रामघाट, आंबोली, या वाटांनी शेकडो वर्षं माणसं ये-जा करतायत. वरून धान्य उतरायचं, इथून मीठ, नारळ, सुकी मासळी वर जायची, लमाणांचे बैलांचे तांडेच्या तांडे असायचे. तेव्हा घांटी म्हणजे वरून आलेला, बास, एवढंच.

मग १९६१ ला गोवा मुक्त झाला, रस्ते, बांधकामं, खाणी, बंदर सगळं वाढलं आणि त्याला हात लागले, ते हात घाटावरून आले. गवंडी, हमाल, भाजीवाली, गटार उपसणारा. आता बहुतेक गोंयकारांना घाटावरचा माणूस भेटायचा तो फक्त असाच, डोक्यावर पाटी घेतलेला, आणि हळूहळू घांटी या शब्दातला घाट गेला आणि नुसती पाटी उरली. भडक साडी नेसली की घांटी टेस्ट, रांगेत घुसला की घांटी. आमच्या शेजारी एक आई आपल्या पोराला, सात पिढ्यांच्या गोंयकार पोराला, रस्त्यावर थुंकला म्हणून घांट्यासारखं वागू नको असं ओरडायची.

माझ्या मते ओळखायची खूण हीच. एखाद्या मुलखाचं नाव त्या मुलखाशी काही संबंध नसलेल्या माणसाला रागावायला वापरता येतं ना, तेव्हा ते नाव राहिलेलं नसतं.

बाबा एका कांद्या-बटाट्याच्या दुकानात कामाला होते. गिऱ्हाईक आलं की मालक त्याला पात्रांव, म्हणजे साहेब, म्हणायचा, बाबांना घांटी. मालक तसा वाईट माणूस नव्हता, चतुर्थीला कपडे द्यायचा, मला एकदा शाळेची बॅगपण घेऊन दिली. पण मी लहान असताना त्याची पगाराची वही बघितली आहे, लाल कापडी पुठ्ठ्याची. त्यात इथल्या नोकरांची नावं होती आणि वरून आलेल्या दोघांच्या ओळींपुढे निळ्या शाईत लिहिलं होतं, घांटी मोठा आणि घांटी बारीक. बाबा म्हणजे घांटी बारीक. सही करताना बाबा त्याच ओळीत स्वतःचं पूर्ण नाव लिहायचे, वडिलांच्या नावासकट, इतकं लांब की चौकटीबाहेर जायचं.

आपण मराठी बोलणारे तर घांटी नाही ना? मग आपल्याला काय त्याचं?

मुंबईला जाऊन बघा. तिकडे हाच शब्द इंग्रजी मिरवणारे लोक सरसकट मराठी माणसाला लावत आले. गिरण्यांत सातारा, पुणे, नगरकडून आलेल्या कामगारांना घाटी म्हणायचे, तिथून तो भाषेला, कपड्याला, उच्चाराला चिकटला. म्हणजे पेडण्याचा किंवा डिचोलीचा जो मराठी माणूस इथे बेळगावच्या हमालाला घांटी म्हणतो तोच दादरला उतरला की स्वतः घाटी होतो. शब्द तोच, फक्त आपण पायरीवर कुठे उभे आहोत ते बदललं.

आणि हो, घाटी मसाला, घाटी लसूण चटणी याला कोणी हरकत घेत नाही, घेऊही नये. तिथे मुलूख अजून मुलूखच आहे.

पण मूळ अर्थ निरुपद्रवी असेल तर समोरच्यानं चिडायचं कशाला?

हा मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न, आणि विचारणारे सहसा चांगली शिकलेली माणसं असतात. शब्दकोश उघडून दाखवतात.

आपल्या सुप्रीम कोर्टानं २००८ मध्ये एका खटल्यात याच मुद्द्यावर निकाल दिलाय. एका माणसाला त्याच्या जातीच्या नावानं हाक मारून हिणवलं होतं आणि बचाव असा की तो शब्द तर नुसतं जातीचं नाव आहे. कोर्टानं सांगितलं की व्युत्पत्तीतून निघणारा अर्थ बघायचा नाही, वापरातून लोकांत जो अर्थ रुजलाय तो बघायचा, नाहीतर कायद्याचा हेतूच बारगळेल. विषय जातीचा होता पण मुलखाच्या नावांना हे अक्षरशः तसंच लागू पडतं.

एस्किमो या शब्दाचं बघा. कच्चं मांस खाणारे असा त्याचा अर्थ आहे असं कितीतरी वर्षं सगळे सांगायचे. नंतर भाषेचे अभ्यासक म्हणाले की नाही, बहुधा बर्फात चालायचे जाळीदार बूट विणणारे असा काहीतरी अर्थ असावा. म्हणजे अर्थ अगदी सोज्वळ निघाला! तरी कॅनडातल्या, ग्रीनलंडमधल्या लोकांना तो शब्द नकोच आहे, कारण तो बाहेरच्यांनी दिलेला आणि बाहेरच्यांनी खालच्या नजरेनं वापरलेला. १९७७ मध्ये त्यांनी स्वतःच्या परिषदेत इनुइट हे नाव घेतलं. अर्थात अलास्कातले युपिक लोक इनुइट नाहीत, त्यामुळे सगळ्यांना इनुइट म्हणत सुटणं हीसुद्धा चूकच.

ऑस्ट्रेलियन माणसाला ऑसी, न्यूझीलंडच्या माणसाला किवी चालतं, मग पाकी का नाही? तेही तर पाकिस्तानीचं छोटं रूप आहे.

बरोबर, छोटं रूपच आहे, आणि नाव छोटं केल्यानं काही बिघडत नाही हे ऑसीवरून दिसतंच. बिघडतं ते त्या छोट्या नावासोबत काय आलं त्यानं. ऑसी शब्द ऑस्ट्रेलियन लोकच स्वतःसाठी वापरतात आणि ऑसी म्हणून कोणी त्यांना रस्त्यात गाठून मारलेलं नाही. पाकी हा शब्द ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात पसरला आणि थोड्याच वर्षांत पाकी-बॅशिंग असा शब्दच तयार झाला, म्हणजे टोळक्यानं जाऊन आशियाई दिसणाऱ्या माणसाला मारायचं. मार खाणारा पाकिस्तानी आहे, पंजाबी आहे की बांगलादेशी आहे हे कोणी विचारत नव्हतं. शब्द आणि लाथ एकत्र आले की ते नंतर सुटे होत नाहीत.

हे आपल्या घरापर्यंत आलेलं आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून गोव्याची किती माणसं इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात गेलीत ते वेगळं सांगायला नको. माझा शाळेतला एक मित्र तिकडे वेअरहाऊसमध्ये लागला, पहिल्याच थंडीत बस स्टॉपवर दोन पोरांनी त्याला पाकी म्हणून काहीबाही बोलून अंगावर ड्रिंक ओतलं. फोनवर सांगत होता, मी त्यांना म्हटलं, हांव पाकिस्तानी न्हय. एवढं बोलून गप्प झाला. थोड्या वेळानं म्हणाला, पाकिस्तानी असतो तर काय ते बरोबर होतं काय रे.

म्हणून ब्रिटनमध्ये २००९ ला राजपुत्र हॅरीचा जुना व्हिडिओ बाहेर आला, त्यात तो सैन्यातल्या सोबत्याला पाकी म्हणत होता, तेव्हा त्याला जाहीर माफी मागावी लागली. टोपणनाव म्हणून बोललं गेलं हे स्पष्टीकरण लोकांच्या गळी उतरलं नाही.

जॅप या शब्दाचंही तेच. जपानीचं छोटं रूप. पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं १९४२ पासून सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक, आणि त्या काळात पोस्टरवर, पेपरात, दुकानांच्या पाट्यांवर हाच शब्द होता. तो कुठल्या तोंडानं परत साधा होणार?

नायजेरियन तर देशाचं बरोबर नाव आहे. ते कसं काय वाईट?

नायजेरियाच्या माणसाला म्हटलं तर वाईट नाहीच. पण कळंगुट-हणजूणच्या पट्ट्यात कोणीही आफ्रिकी दिसला की नायजेरियन. केनियाचा असो, काँगोचा असो, कॉलेजला शिकायला आलेला असो. आणि त्या शब्दाच्या पोटात ड्रग्ज हा अर्थ आधीच भरलेला. २०१३ च्या ऑक्टोबरात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला हायवे अडवला, आणि त्यानंतर काही दिवस जे बोललं गेलं ना, मोठमोठ्या लोकांकडून, ते ऐकून मला लाज वाटली होती. कॅन्सरची उपमा दिली गेली. एक खून झाला होता हे दोन दिवसांत सगळे विसरले.

असंच मद्रासी. एके काळी मद्रास इलाखा खरंच होता, तेव्हा त्या शब्दाला जागा होती. १९५३ ला आंध्र वेगळा झाला, १९५६ ला केरळ, १९६९ ला मद्रास राज्याचं नाव तमिळनाडू झालं, तरी आपण अजून तेलुगू माणसालाही मद्रासी म्हणतो. यात लाथ नाही, तुमच्यात फरक करायचे कष्ट मी घेणार नाही एवढाच निरोप आहे, पण तो निरोप पोचतो. बिहारी शब्दाचं जास्त वाईट झालंय, दिल्लीत तो सरळ शिवीसारखा फेकतात, आणि आता इथे टाइल्स बसवणाऱ्या पोरांवरही.

चिकन काफ्रियालचा आणि शिवीचा काही संबंध आहे असं ऐकलं. खरं का?

नाव त्याच मुळातून आलंय, हो. अरबीत काफिर म्हणजे धर्म न मानणारा. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब व्यापारी तिथल्या बिगर-मुस्लिम लोकांना तसं म्हणायचे, पोर्तुगीजांनी तो उचलून काफ्र केला, काळा आफ्रिकी या अर्थानं. पोर्तुगीज मोझांबिकहून गुलाम माणसं गोव्यात आणायचे, आणि आपल्या कोंकणीत काफ्रचा खापरी झाला. काफ्रियाल म्हणजे त्यांच्या पद्धतीचं. तो हिरवा मसाला ज्यांच्या नावानं आपण चवीनं खातो ती माणसं इथे विकत घेतलेली होती.

दक्षिण आफ्रिकेत काफिरचं इंग्रजी रूप इतकं जहरी मानतात की तो शब्द पूर्ण उच्चारतही नाहीत. २०१८ मध्ये तिथे एका गोऱ्या बाईला काळ्या पोलिसांना तो शब्द पुन्हा पुन्हा म्हटल्याबद्दल तुरुंगवासाची शिक्षा झाली.

म्हणून डिशचं नाव बदला असं मी म्हणत नाही, माझ्या मते गरज नाही, ते नाव आता कोणावर फेकता येत नाही. पण खापरी शब्द काळ्या पोराला चिडवायला अजून वापरतात, तो थांबवायला हवा.

गोंयकारांनाही कधी कोणी नावं ठेवली होती का?

भरपूर! आणि हे आपल्याला शाळेत शिकवायला हवं होतं. पोर्तुगीज इथल्या लोकांना कानारीं म्हणायचे, कानडा मुलखावरून. सुरुवातीला तो साधा शब्द होता, फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याचं कोंकणीचं व्याकरण १६४० मध्ये राशोलला छापलं गेलं त्याच्या नावातच आपल्या भाषेला कानारीं भाषा म्हटलंय. पुढे गोरा माणूस तोच शब्द तिरस्कारानं टाकू लागला. घांटीचा प्रवास आणि कानारींचा प्रवास एकाच वाटेचा आहे, आणि दुसऱ्या वेळी शब्द टाकणारे आपण होतो.

त्याहून मोठी गोष्ट सांगतो. २ एप्रिल १७६१ ला लिस्बनहून हुकूम निघाला, पोर्तुगालचा कारभार बघणाऱ्या पोंबाल या मंत्र्याच्या काळात, की बाप्तिस्मा घेतलेल्या इथल्या प्रजेला गोऱ्या पोर्तुगीजांइतकाच मान आणि हक्क, आणि त्यांना नेग्रो (काळा), मेस्तिसो (मिश्र रक्ताचा) किंवा तसलंच हिणवणारं काही म्हटलं तर तो शिक्षेचा गुन्हा. १७६१ ला! हिणवणारी नावं हा गुन्हा आहे असं लिहून ठेवलेला कायदा आपल्याकडे तेव्हाच होता. हिंदूंना तो लागू नव्हता हे आहेच, आणि इथल्या बड्या गोऱ्या अधिकाऱ्यांनी तो दाबून ठेवला, म्हणून १७७४ मध्ये लिस्बनहून नव्यानं ताकीद पाठवावी लागली. पण हुकूम काढावा लागला याचा अर्थ रोज कोणीतरी ते ऐकत होतं, आणि ऐकणारे आपले पूर्वज होते.

मुंबईत गोव्याच्या ख्रिश्चनांना माकापाव म्हणायचे, माका पाव म्हणजे मला पाव. पोटासाठी आलेल्या माणसाच्या तोंडची गरजच त्याचं नाव करून टाकली. आता काही गोंयकार स्वतः हसत म्हणतात, काहींच्या डोळ्यांत अजून पाणी येतं.

आम्ही तर प्रेमानं म्हणतो, मित्र आहे आमचा. तरी चूक?

डॅरेन सॅमीचं आठवतंय? वेस्ट इंडिजचा माजी कॅप्टन. भारतात लीग खेळताना त्याला काळू म्हणायचे. त्याला वाटायचं बलवान वगैरे अर्थ असेल, हाक मारली की सगळे हसायचे, तोही हसायचा. २०२० मध्ये त्याला खरा अर्थ कळला तेव्हा त्यानं उघड विचारलं की मला सांगा, तुम्ही मला हे का म्हणत होता. नंतर एका सहकाऱ्याशी बोलणं झालं, आपुलकीनंच म्हणत होतो असं त्यानं सांगितलं आणि सॅमीनं ते मानलंही. पण मला त्या आधीच्या वर्षांतलं हसणं खुपतं. सगळ्यांना अर्थ माहीत आणि ज्याचं नाव आहे त्यालाच नाही.

आणि आपला पुजारा. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर क्रिकेट क्लबकडून खेळायला गेला तर चेतेश्वर म्हणायला जड म्हणून त्याला स्टीव्ह म्हणायला लागले. स्टीव्ह काही शिवी नाही. पण तिथल्याच अझीम रफीक या खेळाडूनं क्लबमधल्या वंशद्वेषाची तक्रार केली, ते प्रकरण बाहेर आलं तेव्हा तिथल्याच एका जुन्या कर्मचाऱ्यानं सांगितलं की गोरा नसलेल्या प्रत्येकालाच तिथे स्टीव्ह म्हणायचे. २०२१ मध्ये एका खेळाडूनं त्याबद्दल पुजाराची माफीही मागितली. मला ते वाचून आमच्या बिल्डिंगचा वॉचमन आठवला, आधीच्या तिघांनाही आम्ही बहादूरच म्हणायचो. एकाचंही नाव मला सांगता येणार नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

ते स्वतःच एकमेकांना म्हणतात की! मग आम्ही म्हटलं तर काय?

बाबा आणि त्यांचे गाववाले रविवारी जमले की एकमेकांना काय घांट्या म्हणून मोठ्यानं हसायचे. त्या खोलीत घर भाड्यानं न देणारा कोणी नव्हता. घांट्यांक रूम ना, हे ज्यानं ऐकलंय आणि ज्यानं सुनावलंय, त्या दोघांच्या तोंडात हा शब्द एकच कसा असेल?

चिंकी म्हटल्यावर जेल होते का?

होऊ शकते. २०१२ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं राज्यांना कळवलं की ईशान्येकडच्या लोकांना चिंकी म्हणून अपमान केला तर, ती व्यक्ती अनुसूचित जमातीची असल्यास, १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवा. चारचौघांत, अपमान करायच्या हेतूनं, हे दोन्ही लागतं. २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत अरुणाचलचा नीडो तानिया हा विद्यार्थी केसांवरून चिडवल्याचं निमित्त होऊन झालेल्या मारहाणीत गेला, त्यानंतर बेझबरुआ समिती बसली आणि तिनं अशा वांशिक अपमानासाठी फौजदारी कायद्यात वेगळी कलमं घालायला सांगितलं.

पणजीत माझ्या ऑफिसखाली एका हॉटेलात मणिपूरची मुलगी काम करायची. २०२० मध्ये लोक तिच्याकडे बघून कोरोना म्हणत लांब सरकायचे. ती भारतीय आहे हे पटवायला आधार कार्ड गळ्यातल्या आयडीच्या पाकिटात पुढच्या बाजूला ठेवायची, फोटो दिसेल असं.

जुन्या बखरींत हबशी, फिरंगी आहे. ते पण काढायचं का?

नाही हो. इतिहासात जसं आहे तसंच वाचायचं. हबशी म्हणजे अॅबिसिनियाचा, आजच्या इथिओपियाचा, मलिक अंबर हबशी होता आणि त्यात कमीपणा नव्हता. आजही इथिओपियात लोक स्वतःला हबेशा म्हणवतात, अभिमानानं. पण आपल्याकडे काळ्या रंगाच्या मुलाला हबशी म्हणतात तेव्हा मलिक अंबर कोणाच्या मनात असतो? तेवढा वापर सोडायचा. फिरंगी तर युरोपातल्या फ्रँक लोकांच्या नावावरून अरबी-फारसीमार्गे आला, आपण तलवारीला फिरंग म्हटलं आणि एका गुप्तरोगालाही फिरंग रोग. आज कोणी पर्यटकाला फिरंगी म्हटलं तर त्याला फारसं लागत नाही, कारण त्याला कोणी त्या शब्दामुळे खोली नाकारत नाही.

चुकून तोंडातून गेलं तर काय करायचं?

सॉरी म्हणायचं, एकदाच, आणि नाव विचारून घ्यायचं. माझा हेतू तसा नव्हता, तू फार मनाला लावून घेतोस, हे सुरू केलं की त्या माणसावर तुमची समजूत काढायचं काम येतं.

मग माणूस कुठला ते विचारायचंच नाही का?

विचारा की, गोव्यात तर पहिला प्रश्न तोच असतो, गांव खंयचो? फक्त उत्तर ऐकायला थांबा. बाबांना गेल्या शुक्रवारी बाजारात एका म्हाताऱ्या पाववाल्यानं विचारलं, बाबा म्हणाले चंदगड, तो म्हणाला, म्हणजे तुमच्याकडे काजूची झाडं खूप, यंदा मोहोर कसा धरला? मग दोघं पाव थंड होईपर्यंत मोहोराबद्दल बोलत उभे होते, मी गाडी चालू ठेवून वाट बघत होतो, शेवटी बंद केली.